नुकसानभरपाई, पथ्य आणि आपली सही

दुसरबीड हे मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. रस्त्यालगत दवाखाना असला म्हणजे वैद्याच्या वाट्याला दोन तऱ्हेचे रुग्ण येतात. एक आपल्या पायांनी चालत आलेले आणि दुसरे चौघांनी उचलून आणलेले. गेली वीस वर्षे आम्ही दोहोंची सेवा यथाशक्ती करीत आलो आहोत. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाल्यावर लांब पल्ल्याची पुष्कळशी वाहने तिकडे वळली, पण अपघात काही आमच्या तालुक्यातून गेले नाहीत. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर पिंपळखुट्याजवळ पेटलेल्या बसमध्ये २५ प्रवासी दगावले, ही घटना वाचकांच्या स्मरणात असेलच. अलीकडे मात्र दवाखान्यात तिसऱ्याच तऱ्हेचे लोक येऊ लागले आहेत. त्यांना औषध नको असते. कागद हवा असतो.

अशाच एका गृहस्थांची हकीकत प्रथम सांगतो. गृहस्थ अतिशय नम्र. दर वाक्याला 'डॉक्टरसाहेब'. सोबत पंचविशीतला एक तरुण, उजव्या मनगटाला मळकट पट्टी. हा तरुण शेतातून परतताना स्वतःच्याच दुचाकीवरून घसरला होता आणि मनगट सुजले म्हणून आठ दिवसांपूर्वी आम्हीच त्यास लेप लावून पट्टी बांधून दिली होती. गृहस्थांची मागणी अगदी माफक होती. केसपेपरवर 'चारचाकी वाहनाने धडक दिल्याने' एवढे चार शब्द वाढवावेत आणि मनगटाची हालचाल कायमची किती टक्के कमी झाली तो आकडा लिहून द्यावा. गाडीचा क्रमांक, विम्याचा कागद, वकील, सारे तयार होते. "तुमच्या पदरचे काय जाते, डॉक्टरसाहेब? पैसा विमा कंपनीचा आहे," असे ते म्हणाले. आम्ही नकार दिला, आणि तो जरा चढ्या आवाजात दिला. हा नकार आम्ही शौर्य म्हणून येथे सांगत नाही. त्याचे कारण पुढे येईल.

आपल्यापैकी बहुतेकांच्या टेबलापर्यंत हे गृहस्थ कधी ना कधी पोहोचतातच. त्यांना वैद्याची गरज का पडते, हे समजून घेण्याजोगे आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ हा मुळात गरिबाच्या उपयोगाचा कायदा. घरातला कर्ता पुरुष ट्रकखाली सापडला तर त्याच्या विधवेला न्यायाधिकरणापुढे दावा लावता यावा, म्हणून तो आहे. या कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीचा नुकसानभरपाईविषयीचा भाग १ एप्रिल २०२२ पासून अमलात आला. तेव्हापासून कलम १६४ खाली, चालकाचा दोष सिद्ध न करताही, मृत्यूबद्दल ५ लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मिळू शकतात. धडक देणारे वाहन सापडलेच नाही तरी मृत्यूस २ लाख आणि गंभीर दुखापतीस ५० हजारांची तरतूद आहे. आता दुखापत 'गंभीर' की किरकोळ, हे ठरते कशावरून? वैद्यकीय कागदावरून. मुरगळलेले मनगट आणि मोडलेले मनगट यांच्यात अडीच लाखांचे अंतर पडते आणि त्या अंतरावर आपली सही उभी असते.

न्यायालयांना हे ठाऊक नाही असे मुळीच नाही. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दिव्यांगत्वाचा हिशेब कसा करावा हे फार बारकाईने सांगितले आहे. एका अवयवाची टक्केवारी म्हणजे सबंध देहाची टक्केवारी नव्हे आणि देहाची टक्केवारी म्हणजे कमाईची हानी नव्हे. डावा हात गमावलेला सुतार आणि डावा हात गमावलेला कारकून यांचे नुकसान एकसारखे नसते. याच निकालात, जखमीवर उपचार न करताच तयार प्रमाणपत्रे सढळ हाताने वाटणाऱ्या डॉक्टरांच्या साक्षीविषयी न्यायाधिकरणांनी सावध असावे, असा स्पष्ट इशारा आहे. तो इशारा वाचताना आम्हांस आमच्याच व्यवसायाची लाज वाटली. उत्तर प्रदेशात तर खोट्या अपघात दाव्यांचा सुळसुळाट एवढा झाला की २०१५ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांच्या चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमावयास लावले आणि २०२१ साली सर्वोच्च न्यायालयालाही त्यात लक्ष घालावे लागले. अशा प्रत्येक खोट्या दाव्याची किंमत विमा कंपनी भरते ती भरतेच, पण खरी किंमत भरते ती त्या न्यायाधिकरणाच्या बाकावर पुढच्या तारखेची वाट पाहणारी खरी विधवा. खोट्या कागदांना फसलेली कंपनी पुढे खऱ्या कागदावरही विश्वास ठेवीत नाही.

येथवर वाचून आपण मान डोलावली असेल. परंतु सभेत वा स्नेहभोजनात 'खोटे दावे' हा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे हे दावे नसतातच. आपल्याला आठवतात ते आपल्यावर होणारे दावे. तोही अनुभव आमच्या गाठीशी आहे.

२०२१ सालची गोष्ट. गृध्रसीने वाकलेला एक शेतकरी आमच्याकडे आला. वय पन्नाशीच्या आसपास, सोंगणीचे दिवस तोंडावर, पाय टेकवत नव्हता. आम्ही स्नेहन-स्वेदन सांगितले आणि विषतिंदुक वटी सकाळ-संध्याकाळ एकेक, जेवणानंतर, पंधरा दिवसांसाठी लिहून दिली. गड्याला चांगला उतार पडला. इतका चांगला, की पंधरा दिवसांनंतर तो आमच्याकडे फिरकलाच नाही. रिकामी डबी दाखवून औषधालयातून नवी डबी घेऊ लागला. सोंगणीचा ताण वाढला तशा एकाच्या दोन केल्या, दोनाच्या चार. सुमारे सात आठवड्यांनी त्यास अंगाला ताठरपणा आणि झटके येऊ लागले, म्हणून जालन्याच्या एका रुग्णालयात नेले. तेथे तो बरा झाला, हे सर्वांत महत्त्वाचे. त्यानंतर तीन महिन्यांनी आम्हांस आणि औषधालयाच्या मालकांना वकिलाची नोटीस आली आणि मग ग्राहक आयोगाकडून तक्रारीची प्रत. मागणी ५ लाख रुपये. आमचे तपासणी शुल्क होते शंभर रुपये.

पुढचे तपशील थोडक्यात सांगतो, कारण ते पुष्कळांना उपयोगी पडतील. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारदाराला काहीही शुल्क भरावे लागत नाही. उत्तर देण्याची मुदत ३० दिवस. आयोगाने फार तर आणखी १५ दिवस वाढवून द्यावी आणि त्यानंतर एक दिवसही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ठरवून दिलेले आहे. तेव्हा नोटीस आली की ती कपाटात ठेवून 'बघू पुढे' म्हणण्याची आपली नेहमीची रीत येथे घातक ठरते. नव्या कायद्यात 'आरोग्यसेवा' हा शब्द नाही, म्हणून आपण सुटलो, अशी एक समजूत आपल्या मंडळींत अजून आहे. ती खोटी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये तो युक्तिवाद फेटाळलेला आहे. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध शांता या खटल्यात जो निकाल लागला, त्याखालीच आपण सारे आजही आहोत. मे २०२४ मध्ये वकिलांची सेवा ग्राहक कायद्याखाली येत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले, त्या वेळी १९९५ च्या निकालाचा फेरविचार व्हावा असेही खंडपीठ म्हणाले होते. परंतु त्याच वर्षी नोव्हेंबरात मोठ्या पीठाने त्याची आवश्यकता नाही म्हणून तो विषय मिटविला. थोडक्यात, नोटीस पाठविणारे वकील ग्राहक कायद्याच्या बाहेर आणि नोटीस घेणारे वैद्य आत. असो.

आमच्यावरील तक्रार अखेर फेटाळली गेली. जालन्याच्या रुग्णालयाच्या दाखलपत्रातच, रुग्णाने गोळ्या स्वतःच्या मनाने वाढविल्याचे त्याच्याच तोंडून नोंदविलेले होते, आणि आमची मात्रा शास्त्रबाह्य होती असे सांगणारा एकही तज्ज्ञ तक्रारदाराकडे नव्हता. निकाल हाती आला तेव्हा व्यवसायबंधूंनी पेढे मागितले. "काय जमाना आला! पथ्य पाळायचे नाही आणि वर वैद्याकडून पैसे मागायचे," असे जो तो म्हणाला. आम्हीही म्हणालो. त्या रात्री मात्र फाईल बांधून ठेवताना तो मूळ केसपेपर आम्ही पुन्हा वाचला. त्यावर औषधाचे नाव होते, मात्रा होती, दिवस होते. 'पंधरा दिवसांनंतर दाखविल्याशिवाय पुन्हा घेऊ नये' हे शब्द नव्हते. औषधात कुचला आहे आणि तो मात्रेबाहेर गेला तर काय होते, हेही नव्हते. आम्ही ते तोंडी सांगितले होते काय? बहुधा सांगितले असावे. 'बहुधा' हा शब्द शपथपत्रात लिहिता येत नाही. आमच्या वकिलांनी तो लिहिला नाही आणि समोरच्यांनी विचारला नाही, म्हणून आम्ही सुटलो.

त्या दिवसापासून 'खोटा दावा' हा शब्द आमच्या तोंडून सहज निघेनासा झाला आहे.

अमेरिकेतील गरम कॉफीच्या खटल्याची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. बाईने स्वतःच्याच अंगावर कॉफी सांडून घेतली आणि मॅकडोनाल्ड कंपनीकडून लाखो डॉलर उकळले, अशी ती सांगितली जाते. आम्हीही व्याख्यानात ती विनोद म्हणून सांगत होतो. मूळ हकीकत वाचली तेव्हा हसू मावळले. १९९२ साली न्यू मेक्सिको राज्यातील आल्बुकर्क गावी घडलेली ही घटना. बाई ७९ वर्षांच्या होत्या. कॉफी ८२ ते ८८ अंश सेल्सिअस एवढी उष्ण दिली जात असे. मांड्यांचा दाह त्वचेच्या सर्व थरांपर्यंत गेला, दुसरीकडची त्वचा काढून लावावी लागली. बाईंनी प्रथम २० हजार डॉलर मागितले, कंपनीने ८०० देऊ केले. तत्पूर्वीच्या दहा वर्षांत भाजल्याच्या ७०० हून अधिक तक्रारी कंपनीकडे आलेल्या होत्या. १९९४ मध्ये पंचांनी नुकसानभरपाई २ लाख डॉलर ठरविली आणि कॉफी सांडण्यात बाईंचाही दोष वीस टक्के आहे म्हणून ती १ लाख ६० हजारांवर आणली. जरब म्हणून सुनावलेले २७ लाख डॉलर न्यायाधीशांनी ४ लाख ८० हजारांवर उतरविले आणि पुढे उभय पक्षांत तडजोड झाली. स्वतःची जबाबदारी म्हणजे काय, हे त्या वीस टक्क्यांत फार नेमके मोजलेले आहे. बाईंचा दोष होता म्हणून कंपनी निर्दोष झाली नाही.

आपल्या शास्त्राने हे मोजमाप फार पूर्वी केले आहे. चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले, आणि रोग्याला त्यांतील एक पाद मानले. रोगी म्हणजे औषध ओतण्याचे पात्र नव्हे. त्याचेही चार गुण असतात. स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. सांगितलेले आठवणे, सांगितल्याप्रमाणे वागणे, न घाबरणे आणि आपली व्यथा न लपविता सांगणे. याहून नेमकी 'वैयक्तिक जबाबदारी' आम्हांस अन्यत्र आढळली नाही. प्रज्ञापराध हा तर आपल्या निदानाचा पायाच. कळत असूनही जो चुकीचे वागतो त्याच्या व्याधीचे मूळ तेथे आहे. या गोष्टी आपण रुग्णाला मोठ्या आवडीने ऐकवितो. परंतु निर्देशकारित्व हा गुण रोग्याच्या ठायी दिसावयाचा तर आधी निर्देश असावा लागतो. तो आमच्या केसपेपरवर नव्हता. स्मृतीचेही तेच. निरक्षर माणसाने गर्दीत, पाय ठणकत असताना, एकदा ऐकलेले सात आठवडे स्मरणात ठेवावे, ही अपेक्षा शास्त्राची नव्हे, आपल्या सोयीची आहे.

आणि संमतीविषयी आपण ज्यास पाश्चात्त्य थेर म्हणतो, ते तर संहितांत आहे. अश्मरीच्या शस्त्रकर्मापूर्वी, यश संशयित आहे हे जाणून, स्वामीची अनुज्ञा घ्यावी असे सुश्रुत सांगतात. उदररोगात अखेरचा उपाय म्हणून विषप्रयोग करावयाचा झाल्यास आप्त, स्नेही, पत्नी, गुरुजन, राजा या सर्वांना विचारून आणि परिणाम संशयित आहे हे स्पष्ट सांगूनच करावा, असे चरक सांगतात. विषद्रव्य देताना संशय बोलून दाखविणे हे वैद्याचे कर्तव्य आहे. कुचल्याची डबी देताना आम्ही तेच विसरलो. कौटिल्याच्या कंटकशोधनातही वैद्य मोकळा सोडलेला नाही. प्राणसंकटाचा आजार न कळविता उपचार केले आणि रोगी गेला तर एक दंड. उपचारातील चुकीने गेला तर त्याहून मोठा दंड.

हे सारे मान्य करूनही, आपल्यावर अन्याय होतच नाही असे आम्ही म्हणणार नाही. मुंबईचे मूत्रपिंडतज्ज्ञ डॉ. मार्टिन डिसूझा यांचा खटला पाहा. १९९१ साली दोन्ही मूत्रपिंडे निकामी झालेला, तीव्र ज्वर आणि रक्तात जंतुसंसर्ग असलेला रुग्ण. दाखल होण्याचा सल्ला त्याने प्रथम मानला नाही. प्राण वाचविण्यासाठी अ‍ॅमिकासिन द्यावे लागले. पुढे त्याच औषधाने आपली श्रवणशक्ती गेली म्हणून त्याने २५ लाखांचा दावा लावला. राष्ट्रीय आयोगाने २००२ साली ४ लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि तो रद्द होण्यास १७ फेब्रुवारी २००९ उजाडावा लागला. जवळजवळ अठरा वर्षे एका वैद्यकाच्या डोक्यावर टांगती तलवार होती. १९८६ च्या जुन्या ग्राहक कायद्यात कलम २६ खाली फालतू किंवा त्रास देण्यासाठी केलेली तक्रार फेटाळून तक्रारदारावर दहा हजार रुपयांपर्यंत खर्च बसविता येत असे. अठरा वर्षांपुढे दहा हजार रुपये म्हणजे काय, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पण या खटल्याशेजारी दुसरा ठेवल्यावाचून आमचे मन मानत नाही. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. तेथील स्थानिक डॉक्टरने फळ्या बांधून प्रथमोपचार केला आणि त्यास मोटारीने पुण्यास आणले. तेथील रुग्णालयात हाड ओढून बसविल्यावर त्याच दिवशी, ९ मे रोजी रात्री, तो गेला. तरुणाचे वडील दौंडला स्वतः वैद्यकीय व्यवसाय करीत. त्यांनी दावा लावला आणि १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल कायम केला. रक्कम होती ३ हजार रुपये. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले हा तो खटला. वैद्यकाने रुग्ण स्वीकारावा की नाही, कोणता उपचार करावा आणि तो कसा करावा, या तिन्ही टप्प्यांवर त्याची जबाबदारी काय, हे त्यात प्रथम स्पष्ट झाले. तीन हजारांसाठी पंधरा वर्षे झगडणाऱ्या त्या पित्याला कोणी 'पैसे उकळणारा' म्हणेल काय?

आपल्यासाठी धडा घालून देणारा तिसरा खटला म्हणजे १९९६ चा पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल. होमिओपॅथीच्या पदवीधराने ज्वराच्या रुग्णास आधुनिक औषधे दिली, रुग्ण गेला, आणि स्वतःच्या शास्त्राबाहेर पाऊल टाकणे हाच निष्काळजीपणा ठरून ३ लाख रुपये द्यावे लागले. २५ नोव्हेंबर १९९२ च्या शासकीय अधिसूचनेच्या आधारे महाराष्ट्रातील आपल्या पदवीधरांना प्रशिक्षणाच्या मर्यादेत काही मुभा आहे. 'प्रशिक्षणाच्या मर्यादेत' हे शब्द विसरून जे सलाइन आणि स्टेरॉइडवर दवाखाना चालवितात, त्यांनी रुग्णाच्या प्रज्ञापराधावर व्याख्यान देऊ नये, एवढेच आम्ही म्हणतो.

फौजदारी बाजूची एक गोष्ट मात्र आपल्या मासिक बैठकांतून पुरेशी बोलली गेलेली नाही, म्हणून ती येथे ठसठशीतपणे मांडतो. जेकब मॅथ्यू खटल्यात ५ ऑगस्ट २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकांना मोठे संरक्षण दिले. ढोबळ निष्काळजीपणा असल्याखेरीज गुन्हा होत नाही. त्या शाखेच्या जाणकार, शक्यतो शासकीय सेवेतील, वैद्यकाचे मत घेतल्याखेरीज पोलिसांनी पुढे जाऊ नये. अटक सरसकट करू नये. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि जुन्या ३०४-अ ची जागा कलम १०६ ने घेतली. निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास आता पाच वर्षांपर्यंत कैद. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून उपचार करताना घडल्यास दोन वर्षांपर्यंत. वर्तमानपत्रांनी 'डॉक्टरांना दिलासा' असे छापले आणि आपल्यापैकी अनेकांनी सुटकेचा श्वास टाकला. कलमाखालचे स्पष्टीकरण कोणी वाचले नाही. तेथे 'नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक' याचा अर्थ राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ खालील मान्य अर्हता आणि त्याच कायद्याखालील नोंद असलेला, असा दिला आहे. आपली नोंदणी त्या कायद्याखाली नाही. म्हणजे शब्दशः वाचले तर शेजारच्या एम.बी.बी.एस. बंधूस दोन वर्षे आणि आपणांस पाच. असोसिएशनने या एका प्रश्नावर निवेदन द्यावे, त्यासाठी आम्ही दुसरबीडहून मुंबईस स्वखर्चाने येऊ. शिवाय वैद्याच्या उपचारावर मत देणारा जाणकार हा वैद्यच असला पाहिजे. प्रत्येक जिल्ह्यात अशा ज्येष्ठ वैद्यांची यादी असोसिएशनने सिद्ध ठेवावी. त्या यादीतील वैद्य आपल्या माणसाची चूक असेल तर चूक म्हणणारे असावेत, नाही तर यादीस कोणी विचारणार नाही.

औषधालयाच्या मालकांशी दोन शब्द. आयुर्वेदीय औषध विकण्यास आपणांस वेगळा विक्री परवाना लागत नाही, ही सवलत आहे, ढाल नव्हे. वत्सनाभ, कुचला, जयपाळ यांसारखी अनुसूची ई-१ मधील द्रव्ये असलेल्या औषधाच्या वेष्टनावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशी सूचना इंग्रजीत आणि हिंदीत छापणे बंधनकारक आहे. ती इतक्या बारीक अक्षरांत असते की आमच्या शेतकऱ्याला चष्मा लावूनही वाचता आली नसती, शिवाय मराठीत ती नसतेच. रिकामी डबी म्हणजे चिठ्ठी नव्हे. आमच्या खटल्यातील औषधालयाच्या मालकांनी आता एक रबरी शिक्का करून घेतला आहे, 'वैद्यांना दाखवूनच पुन्हा न्यावे', आणि अशा प्रत्येक डबीवर तो लाल शाईत मारतात. खर्च आला ऐंशी रुपये. गिऱ्हाईक तुटेल ही त्यांची भीती होती. दोनचार तुटले, ते आमचेही होते.

आम्ही स्वतः केसपेपरच्या उजव्या बाजूस एक पट्टा आखून घेतला आहे. त्यात औषध किती दिवस, काय झाले तर ताबडतोब यावे, आणि काय खाऊ-करू नये, एवढेच साध्या मराठीत लिहितो आणि रुग्णाकडून वा सोबतच्या माणसाकडून वाचून घेतो. वाचता येत नसेल तर बोलून घेतो. रुग्णामागे दोन मिनिटे जातात. बाजाराच्या दिवशी ती दोन मिनिटे जड जातात, हे कबूल.

आता त्या मनगटाविषयी. आम्ही कागद नाकारला तेव्हा मोठ्या तोऱ्यात नाकारला, असे वर लिहिले आहे. सुमारे दोन महिन्यांनी तो तरुण पुन्हा आला. या वेळी एकटाच. नम्र गृहस्थ बरोबर नव्हते. अंगठ्याच्या मुळाशी दुखणे राहिले होते, पकड गेली होती, विळा धरवत नव्हता. जालन्यास क्ष-किरण काढून आणला होता. अंगठ्याच्या बाजूची मनगटातील ती लहानशी नौकाकृती अस्थी मोडलेली होती आणि जुळलेली नव्हती. शस्त्रक्रिया करून स्क्रू घालावा लागेल असे तेथे सांगितले होते. पहिल्या दिवशी आम्ही सूज पाहिली, लेप लावला. अंगठ्याच्या मुळाशी दाबून पाहिल्याची नोंद आमच्या कागदावर नाही. आठ दिवसांनी तो पुन्हा समोर बसला होता, हात टेबलावर ठेवून, आणि आमचे सारे लक्ष त्या गृहस्थांच्या चार शब्दांकडे होते. कागद नाकारण्याच्या भरात हात पाहावयाचा राहून गेला.

त्याने तक्रार केली नाही. उपचारांचा दाखला तेवढा मागितला. आम्ही तो लिहून दिला. स्वतःच्या दुचाकीवरून घसरून पडल्याचे त्याने सांगितले. अमुक दिवशी प्रथम तपासले. लेप व पट्टी बांधली. क्ष-किरण काढण्यास सांगितले नाही. आठ दिवसांनी पुन्हा आला असता हात तपासला नाही. खाली तारीख, सही, नोंदणी क्रमांक. त्याने तो वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि "येतो डॉक्टरसाहेब" म्हणून गेला. तो त्या कागदाचे काय करील, हे आम्ही विचारले नाही.